रुतब, रतीब आणि शहाळें : कोवळेपणाच्या अरबी शब्दांचा अष्टागरांतून घेतलेला माग

मराठी कागदपत्रांतील अरबी-फारसी शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुतेक दप्तराच्या अंगानें झालेली आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाचे दहा वर्ग पाहिले, तर राजा, दुर्ग, शस्त्र, लेखन यांनाच त्यांत मान. भोग्यवर्ग व पण्यवर्ग यांत खाण्यापिण्याच्या आणि बाजाराच्या जिनसा येतात, परंतु तेथेंही लक्ष वस्तूच्या नांवावर आहे, तिच्या गुणावर नाहीं. कै. माधवराव पटवर्धन यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश प्रसिद्ध करून अभ्यासकांवर मोठे उपकार केले. तथापि कोश अक्षरानुक्रमानें रचलेला असल्यामुळें एका धातूपासून निघालेलीं भावंडें त्यांत दूरदूरच्या पानांवर पडतात. ओलावा, कोवळेपणा, मार्दव, टवटवी हे फळाफुलांचे गुण सांगणारा अरबी शब्दांचा जो एक संपन्न समूह आहे, त्यांतले किती शब्द आपल्याकडे आले, किती आले नाहींत, आणि जे आले ते कोणत्या वेषांत आले, इतकाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे. हा प्रश्न मला नागांवच्या एका वाडींत सुचला आणि माझ्या स्वतःच्या एका जुन्या चुकीनें तो पुढें ढकलला. म्हणून प्रथम नागांव, मग चूक.

नागांव हें अलिबागेच्या दक्षिणेस, आक्षी आणि चौल-रेवदंडा यांच्या मध्यें वसलेलें अष्टागरांतील गांव. नारळ-पोफळींच्या वाड्या एकीला एक लागून समुद्राच्या रेतीपर्यंत गेलेल्या. ३ जून २०२० रोजीं आलेल्या निसर्ग चक्रीवादळांत या किनाऱ्यावरचे असंख्य माड व पोफळी उन्मळून पडल्या. आज तेथें उंच माडांच्या शेजारीं मधून मधून कोवळीं रोपें उभीं दिसतात, तीं त्यानंतरचीं. संशोधकांना मात्र हें गांव निराळ्याच कारणानें परिचित आहे. हंबीरराव राजाच्या वेळचा येथील मराठी शिलालेख प्रसिद्ध आहे. त्यांत शके १२८९ प्लवंग संवत्सर आणि हिजरी ७६९ असे दोन्ही काल दिलेले आहेत. ताडून पाहतां दोहोंवरून इ. स. १३६७-६८ हेंच वर्ष निघतें. लिहिणाराचें गणित चोख होतें. मराठी लेखांत अरबांचा सन घालण्याची गरज ज्या गांवाला साडेसहाशें वर्षांपूर्वीं वाटली, त्या गांवाच्या कानांवर अरबी शब्द पडत नसत असें म्हणवत नाहीं.

शेजारचें चौल तर अरबांच्या ग्रंथांत त्याहूनही पुष्कळ आधीं येतें. अल्-मसऊदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्यें, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, 'सैमूर' येथें येऊन गेला. हें सैमूर म्हणजे आपलें चौल, चेमूल. त्या वेळीं तेथें झंझ राजाचा अंमल होता, व सुमारें दहा हजार मुसलमान वस्ती करून होते, असें तो लिहितो. हा झंझ शिलाहार कुळांतला, हें ताम्रपटांच्या अभ्यासकांना सांगणें नको. नागांवच्या शिलालेखानंतर अवघ्या पांच वर्षांनीं, १३७२ सालीं, माहीमचे मखदूम अली यांचा जन्म झाला. कुराणावर अरबींत भाष्य लिहिणारा हा पुरुष याच किनाऱ्याचा. तात्पर्य, अरबी ही भाषा कोंकणाला केवळ दिल्लीच्या किंवा विजापूरच्या दप्तरांतून कळली असें नाहीं. ती समुद्रानेंही आली, व दप्तराच्या आधीं आली.

आतां चूक. मी संस्कृत शिकविणारा शाळामास्तर. मराठीच्या तासाला मात्र व्युत्पत्तीचा मोह आवरत नसे. 'रतीब' हा शब्द निघाला म्हणजे मी फळ्यावर लिहीत असें: अरबी 'रुतब', म्हणजे ओला, ताजा खजूर, त्यावरून 'रतीब', म्हणजे रोज ताजें येणारें दूध. मुलांना हें पटे, कारण ऐकायला गोड आहे. तीस वर्षें हें चाललें. नोकरींतून मोकळा झाल्यावर लेनचा अरबी कोश (१८६३ ते १८९३) प्रथमच सावकाश चाळावयास मिळाला, आणि त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें कार्ड आलें. तो चौलच्या मुसलमान घरांतला, अरबी नीट पढलेला. कार्डावर माझी व्युत्पत्ति विनयानें उतरून खालीं त्यानें फक्त दोन अक्षरें काढलीं होतीं: एक 'ते' आणि एक 'तोय'.

त्या दोन अक्षरांत सर्व खंडन होतें. अरबींत 'त' दोन. 'ते' हा आपल्या दन्त्य तकारासारखा. 'तोय' हा जड, जिभेचें मूळ वर ओढून उच्चारलेला. फारसीनें दोहोंचा उच्चार एक केला पण लेखन वेगळें राखलें. मराठीनें लेखनही एक केलें. 'रतीब' निघाला तो 'ते' असलेल्या धातूपासून. त्याचा अर्थ एका जागीं स्थिर असणें, पायरीपायरीनें उभें राहणें. त्याचीच 'रुतबा', त्याचाच 'मरातब', आणि त्याचाच 'रातिब', म्हणजे ठरलेली नेमणूक. आपला दुधाचा रतीब हा मानमरातबाचा भाऊ आहे. त्यांत ताजेपणा कोठेंच नाहीं, नेम आहे. ओल्या खजुराचा 'रुतब' 'तोय'वाला, आणि त्याचा रतिबाशीं कांहींएक संबंध नाहीं. देवनागरींत 'रुतबा' आणि 'रुतब' यांत एका कान्याचें अंतर. अरबींत तीं दोन निराळीं कुळें.

या 'तोय'वाल्या धातूचें घर मोठें आहे. 'रत्ब' म्हणजे ओलें, आणि ओलें म्हणून मऊ. त्याच्या उलट 'याबिस', सुकें. हीच जोडी वैद्यकांत गेली: हकिमांचे उष्ण, शीत, रत्ब, याबिस हे चार गुण आपल्या उष्ण-शीत-स्निग्ध-रूक्षांच्या पंगतीला सहज बसतात, आणि सुश्रुतसंहितेचें अरबी भाषांतर बर्मकी वजिरांच्या आश्रयानें मंकह नांवाच्या हिंदी वैद्यानें बगदादेस केलें, हें ध्यानांत घेतां त्या पंगतींत परकेपणा कोणालाच वाटला नसावा. चाऱ्यालाही अरब हाच भेद लावितात. हिरवा ओला चारा तो 'रुत्ब', सुका तो 'हशीश'. ज्या मादक पदार्थाला आज जग या नांवानें ओळखतें, त्याचा मूळ अर्थ वाळलेलें गवत इतकाच. आपल्याकडे सुक्याबरोबर ओलेंही जळतें. अरबांना ओलें आणि सुकें मिळून सगळें जग होतें.

परंतु धातूचें खरें वैभव खजुरांत. अरबी कोशकारांनीं खजुराच्या फळाला जन्मापासून वार्धक्यापर्यंत नांवें दिलेलीं आहेत. पोय फुटते तो 'तलअ'. फळ हिरवें असतां 'बलह'. पिवळें किंवा तांबडें झालें पण अजून कडक आहे, तो 'बुस्र'. मऊ, रसाळ, पाणीदार झालें कीं 'रुतब'. आणि सुकून टिकाऊ झालें म्हणजे 'तम्र'. या पायऱ्यांच्या मध्येंही पोटपायऱ्या आहेत. फळ शेपटाकडून मऊ पडूं लागलें तर त्याला 'मुजन्निब' म्हणावयाचें, कारण 'जनब' म्हणजे शेपूट. अर्धें मऊ अर्धें कडक असेल तर 'मुनस्सफ', आपल्या 'निम्मे'चाच अर्थ. झाडाच्या शेंड्यांतला पांढरा मऊ गाभा 'जुम्मार'. यावर स्वतंत्र ग्रंथच झाले. अबू हातिम अस्-सिजिस्तानी (मृत्यु इ. स. ८६९) यानें खजुराच्या झाडावर पुस्तक लिहिलें, अबू हनीफा अद्-दीनवरी (मृत्यु ८९५ च्या सुमारास) यानें वनस्पतींवर, आणि अंदलुसांतला अंध कोशकार इब्न सीदा (मृत्यु १०६६) यानें असले सगळे शब्द विषयवार लावून एक प्रचंड कोश रचला. त्याची रचना पाहून संस्कृत पढलेल्याला अमरकोशाचे वर्ग आठवल्यावांचून राहत नाहींत. अमरानेंही वनौषधिवर्गांत कच्च्या फळाला 'शलाटु' आणि सुकलेल्याला 'वान' अशीं स्वतंत्र नांवें नोंदलीं आहेत. पण सगळ्या फळांना मिळून दोन. एकाच फळाला अशी अखंड शिडी त्यानें लावली नाहीं.

ती शिडी आपल्याकडे लाविली ती कोशकारांनीं नव्हे, वाडीवाल्यांनीं. नागांवच्या वाडींत विचारा. पोय, बोंडा, शहाळें, अडसर, नारळ, गोटा. शहाळें म्हणजे पाणी भरलेलें व मगज पातळ धरलेलें; अडसर म्हणजे शहाळेंही नव्हे आणि नारळही नव्हे, मगज जाड होऊं लागलेला पण कोवळा; नारळ तो पूर्ण; गोटा तो आंत सुकून करवंटीपासून सुटलेला. अरबांच्या 'मुनस्सफा'ला शोभेल असा शब्द 'अडसर' हाच. ('शहाळें' हा 'शलाटु'पासून निघाला असें सुचविण्याचा मोह मला झाला होता. मधला 'ह' कोठून आला याची वाट दाखवितां येत नाहीं, आणि एकदां पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो. तो मोह सोडला.)

आतां दोन्ही शिड्या शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. अरबांच्या शिडींतले आपल्या बाजारांत काय आलें? खजूर आणि खारीक. खजूर नांवानें आपलाच, संस्कृत 'खर्जूर'. पण बाहेरून आलेला माल पाहिला तर तो 'तम्र'. खारीक कोणती? दक्षिण इराणांत पिवळ्या, कडक, न पिकलेल्या खजुराला 'खारक' म्हणतात, अर्थात् अरबांचा 'बुस्र'. ओमानांत 'मबसली' जातीचा हाच कडक खजूर मोठ्या तांब्याच्या कढयांतून उकळून, उन्हांत वाळवून गलबतांत भरीत, आणि त्याचें गिऱ्हाईक मुख्यतः हिंदुस्थान. तीच आपली खारीक. म्हणजे 'बुस्र' आला, 'तम्र' आला. मधला 'रुतब' तेवढा आला नाहीं. तो येणार कसा? ओला, मऊ खजूर चार दिवसांत आंबतो. मस्कतेहून चौलापर्यंतचा प्रवास त्याला सोसण्यासारखा नव्हे. जें फळ गलबतांत टिकत नाहीं, त्याचें नांवही गलबतांत टिकत नाहीं. कुराणाच्या मर्यम सूरेंत 'रुतब' आहे, तेव्हां पढलेल्या मुसलमान घरांतून तो शब्द कानीं पडत असणारच. परंतु चौलच्या पेठेंत त्याला वस्तु नव्हती, म्हणून मराठींत त्याला जागा झाली नाहीं. आज पावसाळ्याच्या तोंडीं कच्छेकडील ताजीं पिवळीं फळें मुंबईच्या बाजारांत येतात, त्यांना विकणारे 'ओली खारीक' म्हणतात. हा शब्द अरबाला सांगितला तर तो हंसेल, पण दुसरा शब्द आपल्यापाशीं नाहीं.

उलट दिशेनेंही तोच नियम. 'नारिकेल' अरबींत 'नारजील' झाला. परंतु जहाजानें गेलेलें फळ सुकें, सोडणाच्या आंतलें. आणि त्याच्याबरोबर काथ्याचे दोर, ज्यांनीं अरबांचीं जहाजें शिवलीं जात. शहाळें गेलें नाहीं. म्हणून इब्न बतूता यानें माडाच्या देशांत शहाळें पाहिलें तेव्हां त्याला एक शब्द पुरला नाहीं. सबंध वर्णन करावें लागलें. हिरव्या नारळाची शेंडी छाटून आंतलें थंड गोड पाणी प्यावें, मग सालीचाच तुकडा चमच्यासारखा धरून मगज खरवडावा. त्याची चव अर्धवट शिजलेल्या अंड्यासारखी लागते, असें तो म्हणतो. कोवळ्या मगजाला अंड्याची उपमा देणारा माणूस शहाळें खरोखर खाल्लेला आहे, याविषयीं शंका राहत नाहीं. त्याचा ग्रंथ १३५५-५६ सालीं लिहून पुरा झाला, म्हणजे नागांवच्या शिलालेखाच्या अकरा-बारा वर्षें आधीं.

झाडच उचलून नेलें तर काय होतें, तें मसऊदीनें नोंदलें आहे. नारिंग आणि वाटोळें महाळुंग हीं हिजरी ३०० नंतर हिंदुस्थानांतून नेलीं, प्रथम ओमानांत लाविलीं, तेथून बसरा, इराक व शामपर्यंत गेलीं. परंतु हिंदुस्थानची हवा, माती व पाणी न मिळाल्यानें त्यांचा मूळचा सुगंध आणि रंग राहिला नाहीं, असें तो खेदानें सांगतो. चौलांत राहून आलेल्या माणसाचें हें मत आहे. तें शास्त्रीय कसोटीला कितपत उतरेल तें बागाइतदारांनीं ठरवावें. अष्टागरांतला कोणीही मनुष्य तें ताबडतोब मान्य करील.

आंब्याची कथा याहून रसाळ. अरबींत आंब्याला 'अंबज' म्हणतात. दीनवरीच्या आधारानें इब्न मंजूर (मृत्यु १३११-१२) आपल्या कोशांत सांगतो कीं, हें झाड ओमानाकडे पुष्कळ आहे, मुद्दाम लाविलेलें असतें. फळ दोन प्रकारचें, एक आरंभापासून गोड, दुसरें आधीं आंबट व पिकल्यावर गोड. आणि आंबट फळ 'गज्ज' असतांनाच मडक्यांत दाबून ठेवितात, तें मुरलें म्हणजे वासाला व चवीला केळ्यासारखें होतें. हा 'गज्ज' शब्द प्रस्तुत विषयाचा मुकुटमणि आहे. ज्वाद या अक्षराचा, दुहेरी व्यंजनाचा हा शब्द नुकतें फुटलेलें, रसानें तटतटलेलें पण जून न झालेलें असें कोवळेपण सांगतो. अरब तो कळीला, कोंवळ्या डहाळीला आणि तारुण्यालाही लावितात. आंब्याच्या बाबतींत त्याचा मराठी अर्थ एका शब्दांत सांगावयाचा तर 'बाळकैरी'. कोय न धरलेल्या कैऱ्यांचें लोणचें बरणींत दाबून भरणाऱ्या आपल्या घरांतील बायकांना दीनवरीचा हा उतारा वाचून दाखविला, तर त्या त्यांत मिठाचें प्रमाण विचारतील.

याच शब्दाचें पुढें जें झालें तें कोणत्याही व्युत्पत्तिकारानें रचलें असतें तर आपण त्याला लबाड म्हटलें असतें. हिंदुस्थानांतून आंबा मधांत मुरवून अरबदेशीं जाई, त्यामुळें 'अंबज'चें अनेकवचन 'अंबिजात' हें मधांत मुरविलेल्या सर्वच फळांचें नांव होऊन बसलें. मुरविलेल्या फळाला दुसरा अरबी शब्द 'मुरब्बा', म्हणजे पाळून, जोपासून ठेविलेलें. हा 'मुरब्बा' आपल्याकडे आला, आणि मराठी कानाला त्यांत 'मुरणें' आणि 'आंबा' हे दोन घरचे शब्द ऐकूं आले. झाला 'मुरंबा', 'मोरंबा'. अरबांनीं आपल्या आंब्यावरून त्यांच्या मुरंब्यांना नांव दिलें. आपण त्यांच्या मुरब्ब्यांत आपला आंबा घातला.

नागांवच्या दुसऱ्या झाडाविषयीं थोडक्यांत. अरबी 'फौफल' आणि मराठी 'पोफळ' हीं दोन्ही 'पूगफला'चीं लेकरें. एक फारसीच्या वाटेनें गेलें, दुसरें प्राकृताच्या. 'तांबूल' अरबींत 'तंबूल' झाला, आणि 'मोच' म्हणजे केळ, बहुतेक कोशकारांच्या मतें, 'मौज'. मसऊदीनें विडा खाण्याच्या चालीचें वर्णन केलेलें आहे. फळांच्या नांवांत अशी आपली देणगी भरपूर.

मग कोवळेपणाचे जे शब्द आपण अरबी समजतों ते कोणते? 'ताजा' अरबी नव्हे, फारसी आहे. आणि मौज अशी कीं अरबांनींही तो फारसींतूनच घेतला. त्यांचा 'ताजज' हा मध्यकालीन फारसी 'ताजग'चा अवतार. अखेरच्या 'ग'चा 'ज' झालेला दिसला कीं शब्द इस्लामाच्या आरंभींच्या शतकांत, किंवा त्याही आधीं, इराणांतून उचलला असें ओळखावें. आपल्या फालुद्याचा अरबी भाऊ 'फालूजज' तसाच. 'नरम' व 'नाजूक' फारसी. रश्श्यावरची 'तरी' फारसी 'तर', म्हणजे ओलें, यापासून. अरबींत ताज्या मासळीला लावितात तो 'तरी' निराळा, 'तोय'चा, आणि दोहोंचें साम्य केवळ योगायोगाचें. 'तजेला' हा 'ताज्या'चा कोणी लागत नाहीं. त्याचा अर्थ झळाळी, आणि तो अरबी 'तजल्ली', प्रकट होणें, प्रकाशणें, याच्याकडे जातो. राहिला 'मुलायम'. हा अरबी खरा. परंतु अरबींत त्याचा अर्थ मऊ नव्हेच. 'मुलाइम' म्हणजे जुळणारा, अनुकूल. त्याच्या धातूंत जखमेच्या कडा जुळून येणें हा अर्थ आहे. अनुकूल तें सौम्य, सौम्य तें मऊ, अशी पायवाट फारसींत पडली, आणि आपल्यापर्यंत फक्त मऊपणा पोहोंचला.

याच्या अगदीं उलट प्रकार त्या शब्दांचा, जे अरबींत खरोखर मार्दवाचे आहेत पण आपल्याकडे येतांना मार्दव विसरून आले. माझ्या मतें या शोधांतला मोलाचा भाग हाच.

'रुखसत' घ्या. बखरींत सरदार रुखसत घेतात, वकील रुखसत होतात. मूळ धातु 'स्वाद' अक्षराचा; त्याचें 'रख्स' हें विशेषण कोवळ्या, लवचिक डहाळीला किंवा बोटांना लावितात. त्याच अक्षरांचा 'रुख्स' म्हणजे स्वस्ताई, भाव मऊ होणें. आणि 'रुख्सत' म्हणजे कडक नियमांत दिलेली सवलत, मोकळीक, म्हणून परवानगी, म्हणून निरोप. 'हजम' घ्या. आपण अन्न हजम करतों, क्वचित् दुसऱ्याचे पैसेही. याच धातूचें 'हजीम' हें विशेषण कुराणाच्या २६ व्या सूरेंत खजुराच्या कोवळ्या पोईला लाविलेलें आहे. दडपून मऊ करणें हा धातूचा अर्थ. एक शाखा पोईंत राहिली, दुसरी पोटांत गेली.

आणि 'इनाम'. या नियतकालिकाच्या वाचकांच्या दप्तरांत जितके कागद आहेत त्यांतले निम्मे तरी या शब्दाभोंवतीं फिरत असतील. १८५२ च्या कायद्यानें नेमलेल्या इनाम कमिशनाच्या धास्तीनें कित्येक घराण्यांनीं ते जपून ठेविले, म्हणून तर आज ते आपल्या हातीं लागतात. 'इन्आम' हा ज्या धातूचा, त्यांत मधलें अक्षर 'ऐन'. त्याचाच 'नाइम', म्हणजे मऊ, गुळगुळीत, कोवळा, आणि वनस्पतीच्या लुसलुशीतपणालाही हाच शब्द. त्याचीच 'निअमत', सुखसमृद्धि. इब्न फारिस (मृत्यु १००४) या कोशकारानें प्रत्येक धातूच्या सर्व शब्दांखालीं एखादा मूळ अर्थ दाखविण्याचा उद्योग केला. या धातूचा मूळ अर्थ त्यानें सुखासीन, प्रसन्न जीवन असा काढला आहे. सर्व नामें आख्यातज, असें म्हणणाऱ्या आपल्या शाकटायनाच्या जातीचा हा मनुष्य. मी स्वतः अशा बाबतींत गार्ग्याच्या पक्षाचा, सगळींच नामें धातूंतून निघत नाहींत असें मानणारा. परंतु 'इनामा'पुरता इब्न फारिस मला मान्य आहे. इनाम देणें म्हणजे एखाद्याचें जिणें मऊ करणें. नारळ-पोफळींची वाडी इनाम मिळालेल्या घराण्याला हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

शेवटीं एक शब्द संग्राहकांच्या कामाचा. 'नजर'. मोडी कागदांत हा शब्द पावलोपावलीं येतो, आणि त्याचे अर्थ दोन. 'नजरेस आलें' यांतला 'नजर' म्हणजे पाहणें. त्यांत अरबी अक्षर 'जोय', आणि न्यायकचेरीतला 'नाजर' याच घरचा. 'शेला नजर केला' यांतला 'नजर' म्हणजे अर्पण. त्यांत अक्षर 'जाल', मूळ अर्थ नवस, आणि 'नजराणा' त्याचा. तिसरा एक धातु 'ज्वाद'चा आहे; त्याचा 'नज्र' म्हणजे पानाफुलांची, चेहऱ्याची टवटवी. कुराणाच्या ७५ व्या सूरेंत २२ वी आयत टवटवीच्या शब्दानें संपते आणि २३ वी पाहण्याच्या शब्दानें. अरबी कानाला दोन्ही स्पष्ट निराळे, आणि देवनागरींत उतरून घेतले तर दोन्ही 'नाजिरा'. तीन निराळीं अक्षरें, तीन निराळे अर्थ, आणि आपल्या लिपींत एकच 'ज'.

यास्तव माझी सूचना अशी. आदिलशाही अमलांतील कित्येक कागद द्वैभाषिक आहेत, वर फारसी व खालीं मोडी. अशा कागदांची नक्कल करतांना मोडी भाग उतरून घेऊन फारसी भाग सोडून देण्याची जी रीत पडली आहे ती बंद व्हावी. फारसी येत नसेल तर निदान 'ज', 'त', 'स' या ध्वनींच्या जागीं मूळांत कोणतें अक्षर आहे एवढें तरी नकलेच्या कडेला टिपावें. चार 'ज', दोन 'त' आणि तीन 'स' यांचे आकार ओळखावयास पंधरा दिवस पुरे होतात; मला साठीनंतर तीन आठवडे लागले. असें टिपण नसलेल्या नकलेवरून व्युत्पत्ति सांगणारा कसा फसतो, याचा पुरावा माझ्या तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत आहे, आणि त्यांतले कित्येक आतां स्वतः मास्तर आहेत.

या लेखाची टिपणें आटोपल्यावर नागांवास पुन्हां जाणें झालें. वाडींत काम करणाऱ्या गड्याला सहज विचारलें, रोज एक शहाळें माझ्या बिऱ्हाडीं पोहोंचेल काय. तो म्हणाला, "रतीब लावा कीं गुरुजी. पण पावसांत माड निसरडा, तेव्हां खाडा धरायचा. आणि एखादें अडसर निघालें तर परत घेणार नाहीं."